४७आरई गिअरबॉक्स थंड ठेवण्याचे काम : प्रकल्प नोंदी, मे २०२३ ते जानेवारी २०२४

६ मे २०२३

गाडी २००१ सालची डॉज रॅम २५०० आहे. इंजिन ५.९ लिटरचे, चोवीस व्हॉल्व्हचे कमिन्स डिझेल आणि मागे ४७आरई हा चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ऑटोमॅटिकबरोबर त्या वर्षी कारखान्यातून २३५ अश्वशक्ती आणि ४६० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ६२४ न्यूटन-मीटर टॉर्क मिळत असे. २४५ अश्वशक्तीचे जास्त ताकदीचे इंजिन फक्त सहा गतींच्या मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबरच दिले जाई. मागच्या धुऱ्याचे (ॲक्सलचे) गिअर प्रमाण ४.१० आहे आणि इंजिनाच्या ट्यूनिंगला मी हात लावलेला नाही. मागे सुमारे ३ टनांचा कॅम्पर ट्रेलर असतो, त्यामुळे माणसे-सामानासकट एकूण वजन सव्वासहा टनांच्या घरात जाते.

आम्ही कोलोरॅडोत लव्हलंडला राहतो आणि उन्हाळ्यात पश्चिमेकडे जाऊन येताना आय-७० महामार्गाचा चढ टळत नाही. मागच्या उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर सिल्व्हरथॉर्नच्या पुढे ऐन चढावर 'ओव्हरड्राइव्ह बंद' (ओव्हरड्राइव्ह म्हणजे चौथी गती) हा दिवा आपोआप लागला. या गिअरबॉक्सचा संगणक तेल १२६ अंशांच्या पुढे गेले की चौथ्या गतीतून तिसऱ्या गतीत उतरवतो आणि तेल ११० अंशांवर येईपर्यंत चौथी गती पुन्हा देत नाही (नोंदींत सर्वत्र अंश सेल्सिअस). हा दिवा गाडीच्या बचावासाठीच असतो, पण तो लागेपर्यंत तेलाने बरेच सोसलेले असते. तेलाच्या आयुष्याचा एक जुना ठोकताळा आहे: ८० अंशांच्या पुढे प्रत्येक ११ अंशांमागे ते निम्मे होते. हा नियम काटेकोर नव्हे, पण दिशा बरोबर दाखवतो. त्या हिशेबाने ११८ अंशांवर चालणारे तेल साधारण अकरापट लवकर संपते.

महाराष्ट्रातल्या वाचकाने मालवाहू गाडी बहुधा हाताने गिअर टाकतच पाहिलेली असते, म्हणून एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो. मॅन्युअल गाडीत पेडल सोडून क्लचने एकदा पकड घेतली की इंजिन आणि गिअरबॉक्स एकजीव होतात. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात एक पंखा तेल फेकतो आणि दुसरा त्या तेलाच्या जोरावर फिरतो. दोघांच्या फेऱ्यांत जो फरक राहतो, तो सगळा उष्णता होऊन तेलात उतरतो. कन्व्हर्टरच्या आत लॉकअप क्लच असतो आणि तो धरला की हा फरक शून्यावर येतो. गिअरबॉक्सच्या तापण्याचे मुख्य कारण इथे आहे आणि पुढची सगळी कामे याच समजुतीवर आखली आहेत.

१३ मे २०२३

आज फक्त मापनाची सोय केली. मोजल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घ्यायचा नाही, असे ठरवले आहे. या गाडीच्या डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तापमानासाठी फक्त धोक्याचा दिवा आहे, काटा नाही.

दोन गेज बसवले. पहिल्याचा सेन्सर पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्यात; त्यासाठी पॅनच्या बाजूला एक बुश वेल्ड करून घेतला. दुसऱ्याचा सेन्सर गिअरबॉक्समधून कूलरकडे जाणाऱ्या गरम नळीत, टी-फिटिंग लावून. एका गेजवर भागते असे अनेक जण मानतात, पण दोन्ही जागा वेगळी गोष्ट सांगतात. पॅनमधले तेल सगळीकडून येऊन मिसळलेले असते आणि त्याचा काटा सावकाश हलतो. गरम नळीत कन्व्हर्टरमधून नुकतेच बाहेर पडलेले तेल असते आणि कन्व्हर्टरचा लॉकअप सुटला की तो काटा काही सेकंदांत उसळतो. उष्णता किती साचली हे पॅन सांगतो. ती या क्षणी कुठे तयार होते आहे, हे नळी सांगते.

३ जून २०२३

मूळ स्थितीतली चाचणी झाली. सिल्व्हरथॉर्नपासून पूर्वेकडे आयझेनहॉवर बोगद्यापर्यंतचा चढ साधारण १३ किलोमीटरचा आहे. त्यात सुमारे ७०० मीटर उंची चढावी लागते आणि काही भागात चढ ७ टक्क्यांचा आहे. बोगद्याचे पश्चिम तोंड ३,४०१ मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ७० टक्केच दाट असते, म्हणजे कूलरमधून तेवढ्याच वेगाने वारा गेला तरी तो उष्णता कमी उचलतो. कॅलिफोर्नियातल्या सपाट प्रदेशात पुरेसा ठरणारा कूलर इथे तोकडा पडू शकतो.

ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेसाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ हे मानक ठरवले आहे. त्यातली चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे: ११.४ मैलांचा रस्ता, किमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ३८ अंश तापमान आणि एसी पूर्ण चालू. तिथे उन्हाचा जाच, इथे विरळ हवेचा. माझी गाडी त्या मानकाच्या आधीची आहे, पण चाचणीची शिस्त तिथून घेतली. दर वेळी तोच चढ, तेच वजन, एसी चालू, ओव्हरड्राइव्ह बंद करून तिसरी गती आणि वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास.

सपाट रस्त्यावर पॅन ८८ अंश होता. चढाच्या शेवटी पॅन ११८ आणि गरम नळी १५० अंश.

टॅकोमीटरकडे नीट पाहिले तेव्हा खरी गोष्ट कळली. या वेगाला, या टायरला आणि ४.१० च्या प्रमाणाला कन्व्हर्टर लॉक असताना इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला सुमारे २,१०० असायला हव्यात. काटा बराच वेळ २,३५० वर होता. दहा टक्क्यांहून थोडी जास्तच घसर, म्हणजे कन्व्हर्टरच्या दोन पंख्यांच्या फेऱ्यांतला फरक. त्या चढावर इंजिन सरासरी ११० किलोवॉटच्या आसपास काम करत असावे, असा माझा हिशेब आहे. तेव्हा ११ ते १२ किलोवॉट उष्णता निव्वळ कन्व्हर्टरमध्ये तयार होत होती. कूलरमधून मिनिटाला १० लिटर तेल जाते असे धरले, तर एवढी उष्णता काढायला त्या तेलाचे तापमान प्रत्येक फेरीत ४० अंशांहून अधिक खाली आणावे लागेल.

वर पोहोचल्यावर गाडी थांबवून इंजिन चालू ठेवले, ते न्यूट्रलमध्ये. हॅंडब्रेक ओढला होता आणि चाकांना अडसर लावले होते. ४७आरई पार्कमध्ये असताना कन्व्हर्टर आणि कूलरमधून तेल फिरत नाही. त्यामुळे तापलेला गिअरबॉक्स पार्कमध्ये टाकून 'थंड होऊ दे' म्हणण्याचा काही उपयोग नसतो. न्यूट्रलमध्ये गरम नळीचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. तेलाची पातळीही याच कारणाने न्यूट्रलमध्येच तपासतात.

१० जून २०२३

प्रवाहाची चाचणी. मोठा कूलर घेण्याआधी आहे त्या कूलरमधून तेल पुरेसे वाहते का, हे पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते. कूलरमधून परतणारे तेल सरळ पॅनमध्ये पडत नाही. ते गिअरबॉक्सच्या मागच्या भागातल्या ग्रहचक्रांना (प्लॅनेटरी गिअरना) आणि बुशना वंगण म्हणून जाते. प्रवाह आटला तर गिअरबॉक्स तापतो आणि शिवाय कोरडाही पडतो. कूलर केवढा आहे यापेक्षा त्यातून तेल किती जाते, याकडे मी आधी पाहतो.

सर्व्हिस मॅन्युअलमधली कसोटी सोपी आहे: इंजिन आयडलवर, गिअर न्यूट्रलमध्ये, २० सेकंदांत किमान १ क्वार्ट, म्हणजे सुमारे ९५० मिलिलिटर तेल यायला हवे. परतीची नळी सोडवून मोजपात्रात धरली, मुलाने स्टॉपवॉच पाहिले. ७०० मिलिलिटर आले. मग वाटेत बसवलेला ड्रेनबॅक व्हॉल्व्ह काढून तीच चाचणी केली, तेव्हा १,१०० मिलिलिटर आले.

हा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. गाडी उभी असताना कन्व्हर्टरमधले तेल ओघळून खाली येऊ नये, एवढेच त्याचे काम. कापून पाहिला. आत स्प्रिंगवर बसणारी छोटी गोळी आणि तिच्या बैठकीभोवती क्लचच्या अस्तराची काळसर, मऊ पूड जमलेली. नखाने खरवडली तर बोटाला शाईसारखा डाग पडला. बावीस वर्षे गाळणीसारखा राबलेला व्हॉल्व्ह असा तुंबणार, यात नवल नाही. त्याच्या जागी सरळ नळी जोडली. बदल्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली तर सकाळी गिअर पडायला एखादा क्षण जास्त लागतो, आणि तो मला मान्य आहे.

२४ जून २०२३

कूलर आणि नळ्या. जुन्या नळ्या ३/८ इंचाच्या होत्या, नव्या १/२ इंचाच्या घेतल्या. आकड्यात हा फरक किरकोळ दिसतो, पण संथ वाहणाऱ्या तेलाचा नळीतला अवरोध व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून त्याच लांबीत अवरोध एक-तृतीयांशाहूनही कमी होतो. रबरी भागासाठी एसएई जे१५३२ शिक्का असलेला ट्रान्समिशन कूलरचाच होज वापरला. दिसायला डिझेलचा होज तसाच असतो आणि स्वस्तही पडतो, पण सतत गरम असणाऱ्या ट्रान्समिशन तेलासाठी तो बनवलेला नसतो. जिथे होज धातूच्या नळीवर चढतो तिथे नळीच्या तोंडाला उंचवटा काढून घेतला आणि क्लॅम्प त्या उंचवट्याच्या आत घट्ट केला. गरम तेलाची नळी महामार्गावर निसटली तर गिअरबॉक्स जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे तेल एग्झॉस्टवर पडून आग लागू शकते. या एका जागी मी काटकसर करणार नाही.

कूलर स्टॅक्ड-प्लेट जातीचा निवडला. नळी-पाकळ्यांच्या जुन्या जातीत तेल एकाच लांबलचक वळणावळणाच्या नळीतून जाते; स्टॅक्ड-प्लेटमध्ये ते अनेक चपट्या वाटांनी एकाच वेळी वाहते, त्यामुळे अवरोध कमी राहतो आणि तेलाचा हवेशी लागणारा पृष्ठभाग वाढतो. शिवाय गार, घट्ट तेलासाठी यात बायपासची वाट आहे. इथल्या हिवाळ्यासाठी ती हवीच.

जागेचा विचार करण्यात बराच वेळ गेला. या गाडीत रेडिएटरपुढे इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा) आणि त्याच्याही पुढे एसीचा कंडेन्सर आहे. त्यापुढे आणखी एक मोठा कूलर उभा केला तर मागच्या सगळ्यांना तापलेली हवा मिळते. दुसरा पर्याय गाडीच्या हौद्याखाली पंख्यासह बसवण्याचा. तिथे पुढच्या भागावर भार येत नाही, पण चिखल, खडी आणि वायरिंगची काळजी वाढते. मी जुन्याच हवाई कूलरची जागा घेतली आणि नवा त्याहून उंच पण पातळ निवडला. ग्रिलमागच्या आडव्या पट्टीला पोलादी कंस लावून तो बसवला. कूलरच्या पाकळ्यांतून आरपार प्लॅस्टिकच्या काड्या घालून तो कंडेन्सरला टांगण्याचे किट मिळते; खडबडीत रस्त्यावर त्या काड्या दोन्हींच्या पाकळ्या घासतात, म्हणून ते नाकारले.

इंजिनाच्या बाजूला असलेला पाण्यावर चालणारा मूळ कूलर तसाच ठेवला. तेल आधी तिथे जाते आणि मग हवेच्या कूलरमधून गिअरबॉक्सकडे परतते. उष्ण प्रदेशात काही जण हा पाण्याचा कूलर काढून टाकतात, कारण इंजिनाचे पाणी ८५ ते ९० अंश असताना तो तेलाला त्याखाली नेऊ शकत नाही. पण हिवाळ्यात हाच कूलर तेलाला लवकर गरम करतो, म्हणून कोलोरॅडोत तो काढणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

८ जुलै २०२३

तोच चढ. चढाच्या शेवटी पॅन १०१, गरम नळी १३६. सुधारणा चांगली आहे, पण दोन्हींतला फरक अजूनही ३५ अंशांचा आहे. उष्णता आता लवकर बाहेर जाते आहे. ती तयार होणे मात्र थांबलेले नाही. घसर अजून दिसतेच आहे.

सपाट रस्त्यावर, ताशी ८० किलोमीटरला, पेडल अगदी हलके धरले असताना टॅकोमीटरचा काटा दोन-अडीचशे फेऱ्यांनी वर-खाली होताना पत्नीच्या लक्षात आले. पेडल स्थिर, रस्ता सरळ, आणि तरी कन्व्हर्टर लॉक होतो, सुटतो, पुन्हा लॉक होतो. प्रत्येक वेळी तो सुटताना गरम नळीचा काटा किंचित उडी मारतो.

१५ जुलै २०२३

लॉकअप सुटण्याचे कारण सापडले आणि ते गिअरबॉक्समध्ये नाहीच. १९९८ ते २००२ या काळातल्या चोवीस व्हॉल्व्हच्या कमिन्स गाड्यांवर काम करणारे मेकॅनिक अशा वेळी आधी अल्टरनेटरकडे पाहतात. अल्टरनेटरमधले डायोड थकले की बॅटरीच्या सरळ विद्युतप्रवाहात उलट-सुलट लहरी मिसळतात. पेडलच्या जागेचा सेन्सर ज्या बारीक व्होल्टेजवर संदेश देतो, त्यात त्या लहरी शिरतात. संगणकाला वाटते की चालकाने पाय हलवला, आणि तो लॉकअप सोडून देतो.

मल्टिमीटर एसी (उलट-सुलट प्रवाहाच्या) व्होल्टवर लावून इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मोजले: ०.२५ व्होल्ट. ०.१ च्या वर गेले की संशय घ्यावा, अशी साधारण रीत आहे. अल्टरनेटर उतरवून शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे डायोडचा संच बदलून घेतला. परत बसवल्यावर ०.०३ व्होल्ट. बॅटरी आणि संगणक यांच्या अर्थिंगच्या वायरींची टोकेही काढून घासून स्वच्छ केली.

यानंतर सपाट रस्त्यावर काटा एका जागी स्थिर राहिला.

२९ जुलै २०२३

तोच चढ, तेच वजन, बाहेर २७ अंश. लॉकअप धरलेला, फेऱ्या २,१०० च्या जवळ. चढाच्या शेवटी पॅन ८८, गरम नळी १०१.

डायोडच्या एका संचाने आणि घासलेल्या वायरींनी गरम नळी ३५ अंशांनी खाली आली. त्या नळीवर नव्या कूलर-नळ्यांनी आणि मोकळ्या केलेल्या प्रवाहाने मिळून साधलेला फरक १४ अंशांचा होता. कूलर घेतल्याचे मला वाईट वाटत नाही. शहरातल्या रहदारीत, ट्रेलर मागे घेताना, कच्च्या रस्त्यावरच्या संथ चढावर लॉकअप मिळतच नाही आणि तिथे सगळा भार कूलरवरच येतो. पण ज्याची गाडी तापते आहे त्याने कूलरच्या आधी टॅकोमीटर पाहावा, असे मी आता ठामपणे म्हणेन.

ट्रिपल-डिस्क, म्हणजे लॉकअपसाठी तीन तबकड्यांचा कन्व्हर्टर बसवण्याचा विचार याच नोंदीत संपवतो. इंजिनाची ताकद वाढवलेली असेल तर मूळ कन्व्हर्टरचा एकच लॉकअप क्लच घसरू लागतो आणि तेव्हा तो बदलणे, सोबत व्हॉल्व्ह बॉडीचा (तेलाच्या दाबाने गती बदलणाऱ्या भागाचा) दाब वाढवणे गरजेचे असते. कारखान्याच्या २३५ अश्वशक्तीला माझ्या गाडीतला क्लच घट्ट धरतो आहे, हे फेऱ्यांवरून दिसते. धरणारी वस्तू काढून दुसरी बसवण्याला कारण नाही.

२६ ऑगस्ट २०२३

खोल ॲल्युमिनियमचा पॅन बसवला. थंडाव्यासाठी हा पॅन घेण्याची शिफारस सगळीकडे होते, म्हणून आधी हिशेब केला. चार लिटर जास्तीचे तेल १० अंशांनी तापायला सुमारे ६८ किलोज्यूल लागतात. कूलरच्या ताकदीहून ३ किलोवॉट उष्णता जास्त तयार होत असेल, तर हे तेल त्याला साधारण २३ सेकंद पुरते. तेरा किलोमीटरच्या चढावर २३ सेकंदांचे मोल फारसे नाही. जास्त तेल म्हणजे उशीर, थंडावा नव्हे. आणि पॅनच्या खालच्या पाकळ्यांना इंजिनामागून येणारी गरम हवाच लागते.

तरीही घेतला, कारण मूळ पॅनला तेल सोडायचा बोल्टच नाही. तो काढायचा म्हणजे कडेकडेने ओघळणारे तेल अंगावर घेत सगळे बोल्ट सोडायचे. त्या त्रासापोटी तेल बदलणे लांबणीवर पडते. ओतीव पॅनची कडही वाकत नाही, त्यामुळे गॅस्केट नीट बसते.

तेल एटीएफ+४ या प्रकारचे ट्रान्समिशन तेलच भरले. त्याचा लाल रंग कायम टिकणारा नसतो आणि निर्मात्याच्याच सूचनांनुसार रंगावरून किंवा वासावरून त्याची अवस्था ठरवू नये. म्हणून काढलेल्या तेलाचा तपकिरी रंग सोडून पॅनमधल्या चुंबकाकडे पाहिले. त्यावर बारीक करडी पूड होती, कपच्या नव्हत्या.

१४ जानेवारी २०२४

थंडीची कसोटी. सकाळी बाहेर उणे २२ अंश. तेल १० अंशांच्या खाली असेपर्यंत हा गिअरबॉक्स चौथी गती आणि लॉकअप दोन्ही देत नाही, त्यामुळे कूलर गरजेहून मोठा झाला असता तर आज लगेच कळले असते. ट्रेलर नव्हता. गाडी पाच मिनिटे आयडलवर न्यूट्रलमध्ये ठेवली, मग गावातून सावकाश निघालो. महामार्गावर चढण्याआधीच लॉकअप मिळाला आणि पुढे पॅनचा काटा ६५ अंशांवर स्थिरावला. ते थोडे कमी आहे. ७५ ते ८० असते तर अधिक बरे. बायपास उघडत असावा, कारण हवेच्या कूलरचे वरचे टोक हाताला गारच लागले. तीव्र थंडीच्या आठवड्यांत कूलरच्या खालच्या अर्ध्या भागापुढे पुठ्ठा लावायचा आणि ट्रेलर जोडायच्या आधी तो काढायचा, असे ठरवले आहे. पुठ्ठा काढल्याची खूण म्हणून ट्रेलरच्या कपलरला लाल फीत बांधून ठेवतो. एप्रिलमध्ये प्रवाहाची २० सेकंदांची चाचणी पुन्हा करायची आहे, तेव्हा तो आकडा इथेच जोडेन.